बोटभर नळी, दुप्पट चंद्र

लहान दुर्बिणीच्या खोक्यावर शनीचं झकास रंगीत चित्र असतं आणि त्याच्या शेजारी ठळक अक्षरांत ‘५२५ पट!’ असं ठणकावलेलं असतं. चित्राचं सोडा, आकड्याचं गणित मात्र चोख असतं. दुर्बिणीची फोकल लेंग्थ ७०० मिलिमीटर, आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, ४ मिलिमीटरचा, भागाकार १७५. त्याला गुणिले ३, झाले ५२५. यातलं ‘गुणिले ३’ कुठून आलं? खोक्याच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत एक काळी नळी पडलेली असते, तिच्यातून. तीच बार्लो लेन्स.

अडचण एवढीच, की दुर्बिणीला किती पट झेपेल हे तिच्या व्यासावर ठरतं. दर मिलिमीटरला जास्तीत जास्त दोन पट, हा सगळीकडे चालणारा ठोकताळा. ७६ मिलिमीटरची दुर्बीण १५० पटीपाशीच धापा टाकायला लागते. ५२५ पटीला शनी दिसतो तो विरघळलेल्या पेपरमिंटसारखा. आणि गंमत बघा, १६५५ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने शनीचा टायटन हा चंद्र शोधला, तेव्हा त्याची दुर्बीण जेमतेम ५० पट मोठं दाखवत होती.

खोक्यातल्या या फुकटच्या तीनपट नळीने बार्लोचं नाव खराब केलं. खरं तर काचेचा, बरा बनवलेला, दोनपट बार्लो ही लहान दुर्बिणीच्या मालकाने करायची पहिली खरेदी असायला हवी. एक-दोन हजारांत येतो आणि पुढे दुर्बीण बदलली तरी तो बदलावा लागत नाही.

नळीत असतं काय?

एक अंतर्गोल भिंग, बस. म्हणजे कडेला जाड आणि मध्ये पातळ. दुर्बिणीचं मोठं भिंग किंवा आरसा ताऱ्याचा प्रकाश गोळा करून निमुळता करत आणतो. तो एका बिंदूत मिळायच्या थोडं आधी बार्लो मध्ये पडतो आणि त्या किरणांची मिटण्याची घाई कमी करतो. किरण जरा पुढे जाऊन, जास्त सावकाश एकत्र येतात. आयपीसला वाटतं, हा प्रकाश ७०० नव्हे, १४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून आला. म्हणून त्याच आयपीसमधून प्रतिमा दुप्पट.

सतराव्या शतकात लांब फोकल लेंग्थ हवी असेल तर खरोखरच तेवढी लांब दुर्बीण बांधावी लागे. डान्झिगच्या योहानेस हेवेलियसची एक दुर्बीण १५० फूट लांब होती. खांबाला दोर-कप्प्या लावून ती उचलायची आणि वाऱ्याने हलली की देवाचं नाव घ्यायचं. अर्थात त्या लांबीमागे रंगदोष कमी करण्याचाही हेतू होता आणि ते काम बार्लो करत नाही. तुमच्या दुर्बिणीत चंद्राच्या कडेला जांभळी झालर दिसत असेल, तर बार्लो ती झालरही इमानेइतबारे दुप्पट करून दाखवतो.

हा बार्लो कोण?

पीटर बार्लो, जन्म १७७६, नॉरिचचा. लंडनजवळच्या वूलिच इथल्या लष्करी अकादमीत गणित शिकवायचा. बरंचसं गणित स्वतःच्या हिमतीवर शिकलेला. खगोलशास्त्रज्ञ म्हणून त्याची ख्याती नव्हतीच. ज्या काळी कॅल्क्युलेटर नव्हता त्या काळी अभियंत्यांच्या टेबलावर ‘बार्लोज टेबल्स’ असायची: १ ते १०,००० पर्यंतच्या संख्यांचे वर्ग, घन, वर्गमूळ, घनमूळ. १८१४ मध्ये निघालेलं हे पुस्तक विसाव्या शतकातही छापलं जात होतं.

भौतिकशास्त्रात ‘बार्लोचं चाक’ म्हणून एक प्रयोग आहे. चांदणीच्या आकाराचं धातूचं चाक, त्याचं टोक पाऱ्यात बुडालेलं, बाजूला चुंबक. वीज सोडली की चाक गरगर फिरतं. विजेच्या मोटारीच्या अगदी पहिल्या अवतारांपैकी हा एक, १८२२ चा, आणि करणारे हेच बार्लोसाहेब. जहाजातल्या लोखंडामुळे होकायंत्राची सुई भरकटायची. बार्लोने होकायंत्राजवळ लोखंडाचीच एक तबकडी अशी बसवायचा उपाय काढला, की तिचा परिणाम जहाजाच्या परिणामाला छेद देईल. काट्याने काटा. १८२५ मध्ये त्याला रॉयल सोसायटीचं कॉप्ली पदक मिळालं. लाकडाची ताकद मोजण्यावर त्याने ग्रंथ लिहिला आणि रेल्वेच्या सरकारी आयोगांवरही काम केलं.

दुर्बिणीकडे तो वळला तो काचेच्या टंचाईमुळे. चांगल्या फ्लिंट काचेच्या मोठ्या चकत्या तेव्हा इंग्लंडमध्ये मिळणं मुश्कील होतं. पठ्ठ्याने काचेऐवजी चक्क कार्बन डायसल्फाइड हा द्रव भरून भिंग बनवलं आणि तशी सुमारे आठ इंची दुर्बीणही उभी केली. हा द्रव झटकन पेट घेतो आणि साठवणीतला असेल तर घाणही मारतो. ती दुर्बीण पुढे चालली नाही, यात नवल काय!

मूळ काम वेगळंच होतं

आता या गोष्टीतला सगळ्यात मजेदार भाग. बार्लो लेन्स जन्माला आली ती पोरांना शनी मोठा दाखवायला नव्हे, तर कोळ्याच्या धाग्यांची अडचण सोडवायला.

एकोणिसाव्या शतकातला जोडताऱ्यांचा निरीक्षक आयपीसपाशी मायक्रोमीटर लावायचा. त्यात दोन बारीक समांतर धागे असत, पुष्कळदा खरोखर कोळ्याच्या जाळ्यातले. एक धागा एका ताऱ्यावर ठेवायचा, स्क्रू फिरवून दुसरा धागा दुसऱ्या ताऱ्यावर आणायचा आणि स्क्रूचे आटे मोजून अंतर काढायचं. तारे जवळजवळ असले की जास्त पट लागायची. त्यासाठी जोरदार आयपीस लावला, की ताऱ्यांबरोबर धागेही मोठे दिसायचे. धागा फुगून दोरखंड झाला, की त्याच्यामागे ताराच दडायचा. मोजणार काय, कपाळ?

उपाय असा, की मोठं करायचं ते धाग्यांच्या आधीच करून घ्यायचं. अंतर्गोल भिंग धाग्यांच्या अलीकडे बसवलं, की ताऱ्यांची प्रतिमा धाग्यांपाशी पोचते तीच मोठी होऊन. धागे मात्र होते तेवढेच राहतात. लंडनच्या प्रसिद्ध उपकरणकार घराण्यातल्या जॉर्ज डॉलंडने बार्लोच्या गणितावरून असं भिंग बनवलं आणि १८३४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याची हकिगत छापली. त्या लेखाच्या लांबलचक शीर्षकातच सांगून टाकलं आहे, की याने दुर्बिणीची ताकद वाढते पण तारांची जाडी वाढत नाही.

आज कोळ्याच्या धाग्यांची जागा कॅमेऱ्याच्या पिक्सेलने घेतली आहे. गुरूचे फोटो काढणारे हौशी लोक दुर्बिणीत आयपीसऐवजी छोटा कॅमेरा खुपसतात. पिक्सेल काही लहान-मोठे करता येत नाहीत. मग काय करायचं? प्रतिमाच मोठी करून त्यांच्यावर टाकायची, म्हणजे बार्लो. या मंडळींचा एक ठोकताळा आहे: पिक्सेल जितक्या मायक्रॉनचा, त्याच्या साधारण पाचपट एफ-नंबर, म्हणजे फोकल लेंग्थ भागिले व्यास, हवा. ३ मायक्रॉनच्या पिक्सेलला एफ १५. दुर्बीण एफ ७.५ ची असेल तर दोनपट बार्लो अगदी फिट्ट. १८३४ सालची युक्ती, जशीच्या तशी.

दोन आयपीस, चार आकडे

७० मिलिमीटर व्यास आणि ७०० मिलिमीटर फोकल लेंग्थ, ही आपल्याकडे घरोघरी दिसणारी दुर्बीण. सोबत २५ आणि १० मिलिमीटरचे आयपीस. म्हणजे २८ पट आणि ७० पट. दोनपट बार्लो आला की यात ५६ आणि १४० ची भर पडते. आणि १४० हीच ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीची वरची मर्यादा. हिशेब असा बेमालूम जुळतो, की ही जोडी कुणीतरी मुद्दाम ठरवून दिली असावी असं वाटावं.

तुमच्याकडे २० आणि १० चे आयपीस असतील तर मात्र थांबा. २० ला बार्लो लावला की मिळतात ७० पट, म्हणजे १० चा आयपीस जे देतो तेच. तिथे बार्लोचे निम्मे पैसे वाया. नवा आयपीस घेताना असा घ्यावा, की त्याच्या निम्म्याचा आयपीस आधीच आपल्या डब्यात नसेल.

तीनपटचा मोह टाळा. याच दुर्बिणीत १० च्या आयपीसला तीनपट लावला की २१० पट होतात आणि उरतो तो मोठा, काळपट धुरळा. पाचपट तर कॅमेरावाल्यांचा प्रांत.

चष्मेवाल्यांचा दोस्त

५ मिलिमीटरच्या साध्या प्लॉसल आयपीसला डोळा इतका चिकटवावा लागतो, की पापण्यांचं तेल काचेवर उमटतं. चष्मा लावून तर बघताच येत नाही. कारण प्लॉसलमध्ये डोळा ठेवायचं अंतर फोकल लेंग्थच्या सुमारे ७० टक्के असतं. ५ मिलिमीटरला साडेतीन मिलिमीटर. तेच १० च्या आयपीसला बार्लो लावून बघा. पट तेवढेच आणि डोळ्याला जागा मात्र सात मिलिमीटर किंवा थोडी जास्तच. पाहुण्यांच्या रांगेला, लहान मुलांना, आजोबांना गुरू दाखवायचा असेल तर हा फरक फार मोठा आहे.

शिवाय एफ ५ ची आखूड दुर्बीण बार्लोनंतर आयपीसच्या नजरेत एफ १० होते. स्वस्त आयपीस तिरक्या किरणांना घाबरतात. किरण सरळ झाले की तेही शहाण्यासारखे वागतात.

एका नळीत तीन बार्लो

बार्लोवर ‘२ पट’ लिहिलेलं असतं ते भिंग आणि आयपीस यांच्यात ठरावीक अंतर धरून. अंतर वाढवा, पट वाढते. कमी करा, पट उतरते.

पुष्कळ बार्लोंचं पुढचं टोक, ज्यात भिंग बसवलेलं असतं, ते फिरवून सुटं होतं. ते काढायचं आणि आयपीसच्या खालच्या तोंडाला फिल्टरसाठी जे आटे असतात तिथे थेट बसवायचं. अंतर घटलं, बार्लो आता साधारण दीडपट. उलट, बार्लो आधी आणि मग तो ९० अंशात वळवणारा डायगोनल, मग आयपीस, असा क्रम लावला की वाट लांबते आणि दोनपट तीनपटच्या आसपास जातो. फोकसची नळी तेवढी सरकते का ते बघावं लागतं. लांब नळीचा बार्लो डायगोनलमध्ये घालताना जपून. आत आरसा असतो आणि त्याला नळी टेकली की ओरखडा कायमचा.

आणखी एक छुपा उपयोग. काही न्यूटोनियन दुर्बिणींना मोठा कॅमेरा लावला की फोकसच जुळत नाही, कारण प्रतिमा नळीच्या फार आत पडते. बार्लो तिला बाहेर ढकलतो. पट वाढवायला नव्हे, नुसतं फोकस गाठायला बार्लो लावणारे लोक आहेत.

दुप्पट मोठं, पाव उजेड

फुकट काहीच नाही. प्रतिमा दोन्ही बाजूंनी दुप्पट पसरली, की तोच प्रकाश चौपट जागेत वाटला जातो. ताडोब्याला कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यांचा दोनपट टेलिकन्व्हर्टर म्हणजे बार्लोचाच सख्खा चुलतभाऊ आणि तोही दोन स्टॉप उजेड खातो.

१४० पटीला ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत उरतो अर्धा मिलिमीटर जाड. इतक्या बारीक झोतात तुमच्या स्वतःच्या डोळ्यातला कचरा दिसायला लागतो: तरंगते धागे, ठिपके, जाळी. लोक आयपीस पुसत बसतात. डाग आयपीसवर नसतोच.

मग पृथ्वीचं फिरणं. ५० अंशांचा आयपीस २८ पटीला आकाशाचा पावणेदोन अंशांहून थोडा मोठा तुकडा दाखवतो. गुरू त्यातून सात मिनिटं रमतगमत जातो. १४० पटीला तोच गुरू दीड मिनिटाच्या आत पसार. मोटार नसलेल्या स्टँडवर दर वेळी हलकेच ढकलावं लागतं आणि स्टँड डुगडुगता असेल तर ती डुगडुगही १४० पट. पाहुण्यांना दाखवताना युक्ती अशी: गुरूला मध्ये आणायचंच नाही, ज्या कडेने तो आत येतो तिथे ठेवायचं आणि बाजूला व्हायचं.

आणि हवा. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतो. शेजाऱ्याच्या एसीचं बाहेरचं यंत्र दुर्बिणीच्या वाटेत असेल तर विचारूच नका. गुरूची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरत असेल तर बार्लो काढून ठेवा. थरथरसुद्धा दुप्पटच होते. मुंबईची मंडळी आकाश बघायला वांगणी गाठतात, ती काळोखासाठी. ग्रहांना काळोखाची फारशी पर्वा नसते, त्यांना स्थिर हवा लागते. कधी कधी दिव्यांच्या झगमगाटातली दादरची गच्चीही रात्री दोननंतर झकास शनी दाखवून जाते.

लपलेले बार्लो

ज्यांनी बार्लो कधी घेतला नाही, त्यांच्याकडेही तो असू शकतो. अल नेगलर हे अमेरिकेतले भिंगरचनाकार. अपोलोच्या अंतराळवीरांना सराव देणाऱ्या सिम्युलेटरची भिंगं त्यांनी आखली होती. पुढे त्यांनी ८२ अंशांचे अतिरुंद आयपीस बाजारात आणले. या आयपीसच्या पुढच्या भागात अंतर्गोल भिंगांचा गट बसवलेला असतो. ढोबळपणे म्हणायचं तर आतच बार्लो.

दुसरा लपलेला बार्लो इतका भला नाही. ११४ मिलिमीटरची, १००० मिलिमीटर फोकल लेंग्थची दुर्बीण आणि नळी मात्र जेमतेम अर्धा मीटर लांब, असं काही दुकानात दिसलं तर समजा, की फोकसरच्या नळीत बार्लोसारखं भिंग कायमचं बसवलेलं आहे. या रचनेला बर्ड-जोन्स म्हणतात. नीट बनवली तर ती ठीक असते, स्वस्तात ती क्वचितच नीट बनवलेली असते. तिच्यावर आणखी एक बार्लो म्हणजे लाटलेल्यालाच पुन्हा लाटणं.

घेताना आणि ठेवताना

दोन काचांचा, म्हणजे ‘अॅक्रोमॅटिक’, घ्या. डॉलंडनेही १८३४ मध्ये तसाच बनवला होता. भिंग उजेडात तिरकं धरलं की त्यावर हिरवट-जांभळी झाक दिसायला हवी. नळीत डोकावून बघा: आतली भिंत काळीकुट्ट, बिनचकाकीची असावी. चकचकीत असेल तर चंद्राचा उजेड तिच्यावरून घसरून प्रतिमेवर पांढुरकी साय धरतो. व्यास सव्वा इंची असावा. जुन्या खेळण्यातल्या दुर्बिणींचं ०.९६५ इंची माप आता कशालाच बसत नाही.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर दुर्बीण कपाटात बंद आणि दिवाळीला काढावी तर भिंगावर बुरशीची नक्षी. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, एवढं पुरतं.

सूर्याच्या बाबतीत एकच नियम: फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच. आयपीसला लावायचा काळा फिल्टर मिळाला असेल तर तो फेकून द्या. बार्लो मध्ये आहे म्हणून ऊन कमी होत नाही. तापलेली काच तडकली की पुढचा नंबर डोळ्याचा.

लावावा कशाला, काढावा कधी

पृथ्वीच्या जवळ असताना गुरू साधारण ४५ विकला रुंद असतो. ४० पटीला तो नुसत्या डोळ्यांच्या चंद्राएवढा होतो. लोकांचा यावर विश्वास बसत नाही, कारण काळ्या गोलात तो एकटाच असतो. १४० पटीला साडेतीन चंद्र, दोन ठळक पट्ट्यांसह. शनीच्या कड्या मार्च २०२५ मध्ये पृथ्वीवरून एका रेषेत आल्या होत्या, आता त्या वर्षागणिक उघडत चालल्या आहेत.

चंद्रावर शुक्ल नवमीच्या सुमाराला ‘सरळ भिंत’ शोधा. सुमारे ११० किलोमीटर लांबीची, पट्टीने ओढल्यासारखी काळी रेघ.

पण बार्लोचं मूळ काम जोडताऱ्यांचं, आणि तिथेच तो पैसे वसूल करतो. सप्तर्षीतला वसिष्ठ आणि अरुंधती लग्नात दाखवतात ते नुसत्या डोळ्यांनी. दुर्बिणीत खुद्द वसिष्ठाचेच दोन होतात. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेलीने ते १६१७ मध्येच पाहिलं होतं. पुनर्वसूतला कॅस्टर १४० पटीला सुरेख फुटतो. असे तारे एकमेकांभोवती खरोखर फिरतात हे विल्यम हर्शेलने १८०३ मध्ये दाखवलं, त्यातलं मुख्य उदाहरण हेच. आणि ऑक्टोबरच्या रात्री आठच्या सुमाराला वायव्येला अभिजित गाठा. त्याच्या शेजारी एप्सिलॉन लायरी आहे. २८ पटीला दोन तारे. बार्लो लावा, १४० पटीला जा, हवा शांत होऊ द्या: त्या दोघांपैकी प्रत्येकाचे पुन्हा दोन.

कृत्तिकांकडे वळलात की मात्र बार्लो काढून डब्यात. तो झुपका पावणेदोन अंशांच्या आसपास आहे, २८ पटीलाच कसाबसा मावतो. बार्लोसकट बघितलात तर दोन-तीन तारे दिसतील आणि बाकीच्या बहिणी दाराबाहेर.